वेबमिन सर्व्हरवरून काढणे आणि नव्याने बसवणे: आधी काय तपासावे, मग काय पुसावे

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजार भागातील आपल्या ग्रंथालयाचा डेबियन लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे. त्यावर कोहा ही ग्रंथालय-प्रणाली आणि संस्थेचे वर्डप्रेसमधील संकेतस्थळ चालते. पूर्वीच्या तंत्रज्ञाने टार फाइल (फाइलींचा एकत्र गठ्ठा) उघडून वेबमिन हे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याचे सॉफ्टवेअर बसवले, नंतर आलेल्या दुसऱ्याने तेच एपीटीने (डेबियनच्या पॅकेज बसवण्याच्या साधनाने) पुन्हा बसवले, सोबत डेटाबेस हाताळणारे पीएचपीमायअ‍ॅडमिनही घातले, आणि आता वेबमिनमध्ये लॉगिनच होत नाही. हे सगळे काढून एखादे प्रशासन-सॉफ्टवेअर नीट बसवावे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले होते तशी वेळ पुन्हा आल्यास घरूनही सर्व्हर पाहता यावा, अशी आपली इच्छा आहे. मात्र काढताना कोहा किंवा बॅकअप बंद पडेल, अशी भीती आपण व्यक्त केली आहे.

भीती रास्त आहे, पण तिचा रोख थोडा बदलावा लागेल. कोहाला चालण्यासाठी वेबमिन लागत नाही, त्यामुळे वेबमिन गेल्याने कोहा पडणार नाही. खरा धोका दोन ठिकाणी आहे: वेबमिन स्वतः पडद्यामागे जी कामे चालवत होते ती गुपचूप थांबतात, आणि वेबमिन किंवा पीएचपीमायअ‍ॅडमिन यांच्यासोबत आलेली पॅकेजेस काढण्याच्या ओघात दुसऱ्याच कोणाच्या पायाखालची जमीन निघून जाते. या दोन्ही गोष्टी त्या दिवशी दिसत नाहीत. त्या पुढच्या महिन्यात, बॅकअपची गरज पडते तेव्हा दिसतात. म्हणून या उत्तरात काढण्याच्या कमांडपेक्षा काढण्याआधीच्या तपासणीला जास्त जागा दिली आहे. कमांड आणि पत्ते मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच द्यावेत.

वेबमिन कसे काम करते हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे सारे सोपे होते. जेमी कॅमरन यांनी १९९७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेले हे सॉफ्टवेअर पर्ल भाषेत लिहिलेले आहे. ते अपाची या नेहमीच्या वेब सर्व्हरवर अवलंबून नसते. ‘मिनिसर्व्ह’ नावाचा स्वतःचा छोटा वेब सर्व्हर घेऊन ते १०००० क्रमांकाच्या पोर्टवर बसते. सर्व्हरची अवस्था ते स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठवत नाही, तर व्यवस्थेच्या मूळ कॉन्फिगरेशन फाइलीच थेट वाचते आणि बदलते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये केलेला बदल पोस्टफिक्सच्या फाइलीत जातो, नवा वापरकर्ता ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’मध्ये जातो, फायरवॉलचा नियम फायरवॉलच्या फाइलीत जातो. साहजिकच वेबमिन काढले तरी हे बदल जागच्या जागी राहतात. यात दिलासाही आहे आणि जबाबदारीही: चांगली कॉन्फिगरेशन शाबूत राहते, पण कोणी निष्काळजीपणे उघडलेले पोर्ट किंवा सोडलेले खातेही तसेच उरते, आणि ते बंद करणे हे काढण्याच्या कामाचाच भाग आहे.

आता क्रमाने पाहू. केवळ लॉगिन होत नाही एवढ्यासाठी काही काढण्याची गरज नसते. चुकीचा पासवर्ड वारंवार दिला गेल्यास वेबमिन त्या संगणकाला काही काळ अडवून ठेवते, आणि सेवा पुन्हा सुरू केल्यावर ही अडवणूक सुटते. पासवर्ड हरवला असेल तर वेबमिनच्या डिरेक्टरीत ‘चेंजपास डॉट पीएल’ ही स्क्रिप्ट असते. तिला कॉन्फिगरेशनची डिरेक्टरी, वापरकर्त्याचे नाव आणि नवा पासवर्ड या क्रमाने दिले की काम होते. उबुंटूवर, आणि डेबियन बसवताना रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडला असेल तेथेही, रूटला पासवर्डच नसतो. अशा ठिकाणी सुडोचे (रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याचे) पूर्ण अधिकार असलेल्या वापरकर्त्याने स्वतःच्या पासवर्डने आत जाता येते. काढण्याचा निर्णय पक्का असला तरी आधी एकदा आत जाऊन पाहणे उपयोगाचे असते, कारण कोणकोणती कामे नेमून ठेवली आहेत हे आतून चटकन दिसते.

आत जाता आले नाही तरी हीच माहिती टर्मिनलवरून मिळते. ‘/ईटीसी/वेबमिन/मिनिसर्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडावी. तिच्यात ‘रूट=’ने सुरू होणारी ओळ वेबमिनची कोणती प्रत खरोखर चालते आहे ते सांगते. डेबियन पॅकेजची प्रत ‘/यूएसआर/शेअर/वेबमिन’मध्ये असते, टार फाइलीची प्रत जिथे उघडली असेल तिथे, बहुतेक वेळा ‘/यूएसआर/लोकल’ किंवा ‘/ऑप्ट’खाली, काही वेळा रूटच्या होम डिरेक्टरीतही सापडते. आपल्याकडे दोन्ही प्रती आहेत आणि दोघींची कॉन्फिगरेशनची डिरेक्टरी एकच आहे. हाच आपला गुंता आहे, त्याकडे पुढे येतो.

त्यानंतर ‘/व्हार/वेबमिन’मधील ‘वेबमिन डॉट लॉग’ ही फाइल शांतपणे वाचावी. कोणत्या वापरकर्त्याने, कधी, कोणत्या मॉड्यूलमधून काय बदलले याची नोंद त्यात असते. मागच्या तंत्रज्ञांशी आता संपर्क होत नसेल, तर त्यांनी सर्व्हरवर काय केले याचा इतका चांगला लेखी पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. आणि नेमकी हीच डिरेक्टरी लोक सर्वांत आधी पुसून टाकतात. ती बाहेर काढून ठेवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणारी सोय. रूटची क्रॉनची यादी छापून पाहिल्यास ‘/ईटीसी/वेबमिन/मायएसक्यूएल/बॅकअप डॉट पीएल’ अशा धर्तीची ओळ दिसण्याची बरीच शक्यता आहे. वेबमिनच्या मायएसक्यूएल मॉड्यूलमधून डेटाबेसचा रोजचा बॅकअप लावला की तो या स्क्रिप्टमार्फत चालतो, आणि ही स्क्रिप्ट वेबमिनच्याच डिरेक्टरीत राहते. म्हणजे वेबमिन काढल्यावर क्रॉनमधील ओळ उरो वा न उरो, बॅकअप थांबतो. जुन्या बॅकअप फाइली मात्र तिथेच पडून असल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते. याखेरीज वेबमिनचा स्वतःचा अंतर्गत वेळापत्रकाचा भागही असतो, ज्याच्या नोंदी ‘/ईटीसी/वेबमिन/वेबमिनक्रॉन’मध्ये असतात. ती कामे व्यवस्थेच्या क्रॉनमध्ये दिसतच नाहीत, कारण ती मिनिसर्व्ह चालवतो. दोन्ही ठिकाणे पाहून, जी कामे पुढेही हवी आहेत ती आधी साध्या क्रॉनमध्ये, स्वतःच्या स्क्रिप्टने लावावीत, ती एकदा रात्री चालून फाइल तयार झाल्याची खात्री करावी, आणि मगच वेबमिनला हात लावावा.

कोहा डेबियनच्या पॅकेजमधून बसवला असेल तर एक जमेची बाजू आहे. ‘कोहा-कॉमन’ पॅकेज स्वतःच रोजचा बॅकअप घेते आणि तो ‘/व्हार/स्पूल/कोहा’मध्ये ठेवते. तो मूळ मांडणीत मोजक्याच दिवसांचा राखला जातो, म्हणून त्याची प्रत सर्व्हरबाहेर नेण्याची सोय वेगळी करावी लागते. बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानू नये. डंपची (डेटाबेसच्या मजकूररूपी प्रतीची) फाइल उघडून त्यात आपल्या संग्रहातील एखाद्या मराठी पुस्तकाचे शीर्षक आणि एखाद्या गुजराती पुस्तकाचे शीर्षक शोधून पाहावे. अक्षरे धड वाचता आली तर ठीक. जागोजागी प्रश्नचिन्हे दिसली तर अक्षरसंचाची गडबड आहे आणि तो बॅकअप परत आणून उपयोग होणार नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ज्या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली, तेथील ग्रंथालयाची सूची म्हणजे अनेक हातांनी वर्षानुवर्षे भरलेल्या नोंदी असतात. सर्व्हर नवा घेता येतो. त्या नोंदी पुन्हा भरायला माणसे कुठून आणणार?

पुढे जाण्यापूर्वी वेबमिनची आवृत्ती कोणती आहे हेही पाहावे, कारण त्यावर काढायचे की सर्व्हरच नव्याने उभारायचा हे ठरू शकते. २०१८ मध्ये वेबमिनची पॅकेजे जिथे तयार होत त्या यंत्रणेत कोणीतरी शिरून पासवर्ड बदलण्याच्या पानामध्ये एक चोरवाट घातली होती. गिटहबवरचा मूळ कोड स्वच्छ होता, पण सोर्सफोर्जवरून उतरवली जाणारी तयार पॅकेजे बाधित होती. हे उघड झाले ऑगस्ट २०१९ मध्ये, आणि १.९३० ही आवृत्ती दुरुस्ती म्हणून आली. १.८८२ ते १.९२१ या दरम्यानच्या आवृत्त्या संशयित मानल्या जातात, त्यांतील १.८९० मूळ मांडणीतच उघडी होती, बाकीच्या ‘मुदत संपलेला पासवर्ड वापरकर्त्याने बदलावा’ हा पर्याय चालू असल्यास. आपल्याकडची टार फाइल या काळातील असेल आणि १०००० पोर्ट इंटरनेटवर उघडे राहिले असेल, तर वेबमिन काढून प्रश्न मिटत नाही. जो रूटच्या अधिकाराने आत आला असेल त्याने मागे काय ठेवले हे खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी कोहाचा डेटा आणि संकेतस्थळाचा मजकूर बाहेर काढून सर्व्हर कोऱ्या डेबियनपासून उभारावा, सगळे पासवर्ड आणि एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) साठीच्या की बदलाव्यात. आणि मोह झाला तरी जुनी ‘/ईटीसी’ जशीच्या तशी परत टाकू नये.

आवृत्ती निर्दोष असेल तर काढण्याकडे वळू. संपूर्ण ‘/ईटीसी’, ‘/व्हार/वेबमिन’, सर्व वापरकर्त्यांच्या क्रॉनच्या याद्या आणि डेटाबेसचे डंप सर्व्हरबाहेर ठेवावेत. शक्य असल्यास ‘ईटीसीकीपर’ हे पॅकेज बसवावे. ते ‘/ईटीसी’वर बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची नजर ठेवते, त्यामुळे काढण्यापूर्वीची आणि नंतरची स्थिती ओळीओळीने ताडून पाहता येते. एसएसएचची दोन सत्रे उघडी ठेवावीत, म्हणजे एकात काही बिघडले तरी दुसरे हाताशी राहते. आणि हे काम वाचकांची देवघेव बंद झाल्यानंतर, सर्व्हरसमोर बसून करता येईल अशाच दिवशी करावे.

दोन प्रतींच्या गुंत्यात क्रम फार महत्त्वाचा आहे. टार फाइलीने बसवलेले वेबमिन ‘/ईटीसी/वेबमिन’मध्ये ‘अनइन्स्टॉल डॉट एसएच’ नावाची स्क्रिप्ट ठेवते. ती नजरेस पडली की ‘हीच चालवू’ असे वाटते. पण आपल्या परिस्थितीत ती आधी चालवू नये. ती विचारते की खरोखर काढायचे का, आणि होकार मिळाला की टार फाइलीची प्रत आणि कॉन्फिगरेशनची पूर्ण डिरेक्टरी दोन्ही पुसते. ही डिरेक्टरी पॅकेजही वापरत असल्यामुळे, नंतर एपीटीने काढायला गेल्यावर पॅकेजच्या स्क्रिप्टला हव्या त्या फाइली सापडत नाहीत. मग ‘प्री-रिमूव्हल स्क्रिप्टने त्रुटी परत केली’ असा निरोप देत डीपीकेजी (एपीटीच्या खाली पॅकेज बसवणारे-काढणारे साधन) अडून बसू शकते, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी, अगदी सुरक्षा-अद्ययावतीकरणाच्या वेळीही, तोच निरोप येत राहतो. असे आधीच झाले असेल तर रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातून) वेबमिन ‘रीइन्स्टॉल’ करावे; हरवलेल्या फाइली परत आल्या की ते सरळ काढता येते.

म्हणून आधी पॅकेज. त्यातही ‘रिमूव्ह’ने कॉन्फिगरेशन राहते आणि ‘पर्ज’ने जाते हा डेबियनचा सर्वसाधारण नियम येथे गृहीत धरू नये. प्रत्येक पॅकेजच्या काढण्याच्या स्क्रिप्ट ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’मध्ये साध्या मजकुराच्या रूपात असतात: ‘वेबमिन डॉट प्रीआरएम’ आणि ‘वेबमिन डॉट पोस्टआरएम’. त्या उघडून वाचाव्यात. त्या फार मोठ्या नसतात, आणि कोणती डिरेक्टरी कोणत्या अटीवर पुसली जाणार हे त्यांतच लिहिलेले असते. दुसऱ्याने काढलेल्या चित्रफितीतील सल्ल्यापेक्षा आपल्याच सर्व्हरवरील स्क्रिप्ट अधिक विश्वासाची. पॅकेज गेल्यावर टार फाइलीची प्रत ही निव्वळ एक डिरेक्टरी उरते; तिच्यातील काही चालू नाही हे ‘एसएस -टीएलएनपी’ने पाहून ती हाताने पुसली तरी चालते.

आता ज्या जागी सर्वाधिक नुकसान होते त्या जागेविषयी. वेबमिन किंवा पीएचपीमायअ‍ॅडमिन काढल्यावर एपीटी सांगते की अमुक पॅकेजेस आपोआप बसली होती, आता त्यांची गरज नाही, ‘ऑटोरिमूव्ह’ वापरून ती काढा. ही सूचना एपीटीच्या हिशेबाने बरोबर असते. पण एपीटीला फक्त पॅकेजांमधील नाती ठाऊक असतात, आपण हाताने ठेवलेल्या गोष्टींची नाही. वेबमिनसोबत ‘अनझिप’ आलेले असू शकते, आणि आपली एखादी स्क्रिप्ट दर महिन्याला बाहेरून आलेली झिप फाइल उघडत असेल. पर्लची एसएसएल आणि पॅम यांसाठीची मॉड्यूल्स वेबमिनसोबत आलेली असू शकतात, आणि कोहा पॅकेजऐवजी टार फाइलीने बसवला असेल तर तोही त्यांच्याच भरवशावर असू शकतो. पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. वर्डप्रेसच्या फाइली हाताने उतरवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे एपीटीला वर्डप्रेसचे अस्तित्वच माहीत नसते. पीएचपीला मायएसक्यूएलशी जोडणारे मॉड्यूल पीएचपीमायअ‍ॅडमिनसोबत आपोआप आले असेल, तर ऑटोरिमूव्हनंतर ते जाते आणि संस्थेच्या संकेतस्थळाच्या जागी पीएचपीमध्ये मायएसक्यूएलचे एक्स्टेन्शन नसल्याचा इंग्रजी निरोप तेवढा दिसतो. कोहा पर्लमध्ये असल्याने तो व्यवस्थित चालू असतो, म्हणून ग्रंथालयातील कोणाच्या हे लक्षातही येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. काहीही काढण्याआधी ‘एपीटी-गेट -एस रिमूव्ह’ अशी रंगीत तालीम घ्यावी. ‘-एस’ लावल्यावर प्रत्यक्षात काही बदलत नाही, फक्त काय होईल ते छापले जाते. ती यादी वाचून, जे लागणार आहे ते ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ या कमांडने स्वतः बसवल्याची नोंद करून ठेवावे. मग ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. ज्याविषयी शंका असेल ते राहू द्यावे. चार-दोन अनावश्यक पर्ल मॉड्यूल्स डिस्कवर पडून राहिल्याने काहीही बिघडत नाही. सर्व्हर चकचकीत ठेवण्याच्या हौसेपायी त्याच दिवशी ऑटोरिमूव्ह चालवणे मी नेहमी टाळतो. आठवडाभर सगळे सुरळीत चालले, की मग पाहावे.

पीएचपीमायअ‍ॅडमिन ‘पर्ज’ करताना त्याचा डेटाबेसही पुसायचा का असा प्रश्न विचारला जातो आणि तो वाचून अनेकांची छाती धडधडते. हा प्रश्न पीएचपीमायअ‍ॅडमिनने स्वतःच्या नोंदींसाठी केलेल्या त्याच नावाच्या छोट्या डेटाबेसविषयी असतो, कोहाच्या किंवा वर्डप्रेसच्या डेटाबेसविषयी नाही. होकार दिला तरी चालतो. डंप हाताशी असला की मनही निर्धास्त राहते.

काढून झाल्यावरची तपासणी. ‘एसएस -टीएलएनपी’ आणि ‘एसएस -यूएलएनपी’ या दोन्ही कमांडने १०००० पोर्टवर टीसीपी किंवा यूडीपी काही उरले नाही ना ते पाहावे. यूडीपी मुद्दाम सांगतो, कारण नेटवर्कवरील दुसऱ्या वेबमिन सर्व्हरांचा शोध घेण्यासाठी वेबमिन त्याच क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवरही ऐकत असते, आणि अ‍ॅस्टरिस्कवर चालणारी फोनव्यवस्था आवाजासाठी १०००० ते २०००० हीच यूडीपी पोर्ट वापरते. एकाच सर्व्हरवर दोन्ही असली की अधूनमधून फोन मुका का होतो हे कोडे सुटत नाही. ‘/ईटीसी/एपीटी/सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी’मधील वेबमिनच्या रिपॉझिटरीची फाइल आणि तिची की काढावी. फायरवॉलमधील नियम काढावा. डेबियनवर वेबमिनचे फायरवॉल मॉड्यूल वापरले गेले असेल तर ‘/ईटीसी/आयपीटेबल्स डॉट अप डॉट रूल्स’ ही फाइल आणि नेटवर्कच्या ‘इंटरफेसेस’ फाइलीत ती लागू करणारी ओळ सापडेल. ती ओळ घाईने काढू नये, नियम वाचून ठरवावे. नाहीतर पुढच्या रीबूटला सर्व्हर फायरवॉलशिवाय उभा राहील. ग्रंथालयाच्या ब्रॉडबँड राउटरवर १०००० पोर्टचे फॉरवर्डिंग कोणी करून ठेवले असेल तर तेही बंद करावे. हे हमखास विसरले जाते. शेवटी ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’, सुडोची फाइल आणि प्रत्येक खात्यातील एसएसएचच्या मान्य कींची यादी पाहून जुन्या तंत्रज्ञांची खाती बंद करावीत. वेबमिनचे स्वतःचे वापरकर्ते वेबमिनसोबत जातात, पण त्यातून तयार केलेली लिनक्सची खाती जात नाहीत. हे सगळे झाले की सर्व्हर एकदा रीबूट करून कोहाची दोन्ही पाने (कर्मचाऱ्यांचे आणि वाचकांचे), संकेतस्थळ आणि वाचकांना जाणारी ईमेल तपासावी, कारण सेवा सुरू होण्याच्या टप्प्यातील चुका रीबूटखेरीज उघड होत नाहीत.

आता नव्याने काय बसवावे. आपल्या गरजा मला तीनच दिसतात: सेवा चालू आहेत का, डिस्क किती भरली, आणि लॉगमध्ये काय आले. एवढ्यासाठी मी कॉकपिट हे ब्राउझरमधून सर्व्हर पाहण्याचे साधन सुचवीन. ते डेबियनच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत आहे, त्यामुळे त्याची अद्ययावते व्यवस्थेच्या बाकी अद्ययावतांबरोबरच येतात. वेबमिन डेबियनच्या किंवा उबुंटूच्या रिपॉझिटरीत नाही. कॉकपिटला स्वतःचे वापरकर्ते नसतात, लिनक्सच्या खात्यानेच आत जाता येते. शिवाय ते सिस्टमडीच्या (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) सॉकेटवर चालत असल्याने कोणी पान उघडेपर्यंत जागे होत नाही. एक काळजी मात्र घ्यावी: ते ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावून बसवावे. नाहीतर सोबत नेटवर्क मॅनेजरही येतो, आणि ज्या सर्व्हरचे नेटवर्क ‘इंटरफेसेस’ फाइलीवर चालते तेथे नेटवर्क सांभाळणारे दोघे होऊन बसतात. कॉकपिटचे पोर्ट ९०९०.

ईमेल, डीएनएस आणि डेटाबेस हे सारे ब्राउझरमधूनच हाताळायचे असेल तर वेबमिन पुन्हा बसवण्यास हरकत नाही. ते चांगले सॉफ्टवेअर आहे आणि त्याची देखभालही नियमित होते. फक्त ते त्यांच्या अधिकृत रिपॉझिटरीतूनच घ्यावे, टार फाइलीने नाही, म्हणजे दुरुस्त्या एपीटीने आपोआप येतील आणि काढण्याचा मार्गही एकच राहील. रिपॉझिटरी जोडणारी स्क्रिप्ट ते स्वतः देतात. ती आधी उतरवून वाचावी आणि मग चालवावी. व्हर्च्युअलमिन किंवा सीपॅनेल या होस्टिंग-पॅनेलांच्या वाटेला मात्र या सर्व्हरवर जाऊ नये. ती कोऱ्या व्यवस्थेवर बसवण्यासाठी बनलेली आहेत आणि अपाचीपासून मेलपर्यंत सारे आपल्या पद्धतीने मांडतात. सीपॅनेल तर काढण्याची सोयच देत नाही. ते नको झाल्यास सर्व्हर पुन्हा फॉरमॅट करावा असेच त्यांचे सांगणे आहे.

घरून पाहण्याच्या सोयीसाठी ९०९० किंवा १०००० पोर्ट राउटरवर उघडू नये. पोर्टचा क्रमांक बदलल्याने सुरक्षितता येत नाही, कारण शोधणारी यंत्रे सगळेच क्रमांक चाचपतात. इंटरनेटकडे फक्त एसएसएच उघडे ठेवावे, तेही पासवर्ड बंद करून केवळ कीवर, आणि प्रशासनाचे पान सर्व्हरच्या आतल्या १२७.०.०.१ या पत्त्यापुरते बांधावे. वेबमिनमध्ये मिनिसर्व्हच्या फाइलीत ‘बाइंड=’ या ओळीत हा पत्ता द्यावा आणि यूडीपीसाठीची ‘लिसन=’ ही ओळ काढावी. कॉकपिटमध्ये ‘सिस्टमसीटीएल एडिट कॉकपिट डॉट सॉकेट’ने सॉकेट विभागात ‘लिसनस्ट्रीम=’ अशी रिकामी ओळ आधी लिहावी आणि तिच्या खाली ‘लिसनस्ट्रीम=१२७.०.०.१:९०९०’ लिहावी. रिकामी ओळ वगळली तर मूळ मांडणी पुसली जात नाही आणि पोर्ट पूर्वीसारखेच सगळीकडे उघडे राहते. फाइलीत हे अंक रोमनच असावेत. मग सिस्टमडी रीलोड करून सॉकेट पुन्हा सुरू करावे.

घरच्या संगणकावरून ‘एसएसएच -एल’ वापरून बोगदा उघडला, म्हणजे आपल्या ९०९० ला सर्व्हरच्या ९०९० शी जोडले, की ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’च्या ९०९० वर पान उघडते. विंडोज १० पासून एसएसएच आतच मिळते, जुन्या संगणकावर पुटी चालते. प्रमाणपत्राविषयी ब्राउझर इशारा देईल. बोगद्यातून जात असताना तो अपेक्षितच आहे. सर्व झाल्यावर मोबाइलचे वायफाय बंद करून, डेटावरून ग्रंथालयाच्या सार्वजनिक पत्त्यावर ९०९० उघडून पाहावे: पान उघडता कामा नये. आणि त्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून बोगद्यातून पाहावे: लॉगिनचे पान समोर यायला हवे.